कांद्याने खरंच खासदार पाडले का?

कोथरूडकर
2024 च्या लोकसभेचं विश्लेषण अजून "कांद्याने रडवलं" याच्यापुढे सरकत नाही. दिंडोरी, नाशिक, नगर, शिर्डी, शिरूर, महायुतीचे सगळे पराभव कांद्याच्या खात्यावर. माझ्या मते शेतकरी भावावर मत देतच नाही. जात, गट आणि नेता बघून देतो. तसं नसतं तर ऊस-दुधासाठी आयुष्य घालवलेले राजू शेट्टी 2019 आणि 2024 असे लागोपाठ दोनदा पडले नसते. 2024 च्याच नोव्हेंबरात विधानसभेला नाशिक जिल्ह्यात महायुतीने 15 पैकी 14 जागा घेतल्या. तेव्हा कांदा कुठे गेला होता? करदात्याच्या पैशांतून या मतांची मनधरणी आता थांबवा.

रांगडा निफाडकर
मनधरणी कोणाची झाली ते तारखांवरून बघू.

19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचाच नाही. 8 डिसेंबरला थेट बंदी, तीही रातोरात. डिसेंबरात बाजारात लाल कांदा असतो. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. कांदाचाळीत साठवता येतो तो उन्हाळ कांदा. म्हणजे थांबायची सोयच नसलेल्या माणसाला गाठून मारलं. थोड्याच दिवसांत लासलगावला भाव निम्म्यावर आले. वाहतूक आणि काढणीची मजुरी वजा जाता माझ्या हातात बियाण्याचे पैसेही राहिले नाहीत. एप्रिलमध्ये ऐन प्रचारात गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली. आमच्याकडची बंदी उठली 4 मे ला, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. आमचं मतदान 20 मे ला होतं.

दिंडोरीत भाजपच्या भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या, तरी लाखाहून जास्त मतांनी पडल्या. भगरे आडनावाचाच दुसरा उमेदवार लाखभर मतं घेऊन गेला, तरीही शरद पवार गटाचे भास्कर भगरे सर निवडून आले. ही जात म्हणायची का गट?

1998 ला कांदा महागला आणि दिल्लीत सुषमा स्वराज यांचं सरकार गेलं. तेव्हापासून प्रत्येक सरकार शहरातल्या किलोच्या भावाला घाबरतं. चाळीस रुपयांवर गेला की टीव्हीवर ओरड सुरू. मनधरणी तुमची होते साहेब, आमच्या पैशांनी.

गिरणाकाठ
दोघंही एकाच जिल्ह्यावरून महाराष्ट्र ठरवताय. धुळ्यात भाजपचे सुभाष भामरे फक्त 3,831 मतांनी पडले, आणि तिथे मुस्लिमबहुल मालेगाव मध्यचं एकगठ्ठा मतदान बघितल्याशिवाय काही कळणार नाही. बीड-जालन्यात मराठा आरक्षण होतं. शेजारी जळगाव आणि रावेर, कापूस-केळीचा पट्टा. कापसाच्या भावाची बोंब तिथेही होती, पण दोन्ही जागा भाजपने सहज काढल्या.

रांगडा निफाडकर
कापसावर निर्यातबंदी नव्हती. भाव पडणं वेगळं आणि सरकारने पाडणं वेगळं. राग त्या दुसऱ्या गोष्टीचा येतो.

सुरगाण्याची लेक
गावातलं मत म्हणजे शेतमालकाचं मत, असं सगळेच धरून चाललाय. दिंडोरी आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ आहे. त्यात पेठ आणि सुरगाणा येतात, तिथे कांदा किती? आमची माणसं पिकअपमध्ये बसून निफाड-दिंडोरीला लागवडीला आणि द्राक्षाच्या कामाला जातात. 2018 ला नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या मोर्चात माझी आई होती. ती कसत असलेल्या वनजमिनीच्या पट्ट्यासाठी चालली, कांद्यासाठी नाही. 2019 ला माकपच्या जे. पी. गावितांनी इथे लाखावर मतं घेतली होती, 2024 ला ते आघाडीसाठी थांबले. ती मतं कुठे गेली असतील? त्याचा हिशोब एकानेही मांडला नाही.

रांगडा निफाडकर
ताई, मजुरीचंही बोला मग. उक्त्याचे, म्हणजे ठेक्याने दिलेल्या कामाचे दर दरवर्षी वाढतात, शिवाय गाडीभाडं आमचं. लागवडीच्या हंगामात टोळी मिळावी म्हणून आगाऊ पैसे देऊन बसतो. भाव पडला की मजूर दर कमी करतो का?

सुरगाण्याची लेक
दर नाही कमी होत, पैसे थांबतात. त्याच बंदीच्या हंगामात माझ्या आईच्या टोळीचे पैसे एका बागायतदाराने "भाव आला की देतो" म्हणत होळीपर्यंत ठेवले. तुमची बंदी आमच्या चुलीपर्यंत आली, पण भाव चांगला असतो त्या वर्षी आमच्याकडे काही येत नाही. म्हणून ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये थेट खात्यात पडायला लागले तेव्हा तिने कोणाला विचारलं नाही. नोव्हेंबरात मत कुठे द्यायचं ते तिचं तिने ठरवलं. तिला कोणी विकली गेली म्हणायचं नाही.

कोथरूडकर
मी तेच म्हणतोय. पैसे दिले की मत फिरतं.

सुरगाण्याची लेक
नाही, तुम्ही तसं म्हणत नाही आहात. तुम्हाला ते पैसेच बंद करायचे आहेत. माझ्या आईला तुमच्या बाजूची साक्षीदार करू नका.

गिरणाकाठ
आणि कोथरूडकर, करदाता-करदाता करता तर आधी मतदानाला उतरा. दिंडोरीत 66 टक्के, कल्याणमध्ये 50. घरात बसून ग्रामीण मतांची मनधरणी होते म्हणायचा अधिकार नाही.

कोथरूडकर
मी मतदान केलंय. याद्यांतून माणसांची नावं गायब होती त्याचं काय? आमच्या सोसायटीतले कितीतरी जण केंद्रावरून परत आले. ते राहू द्या. सप्टेंबर 2024 मध्ये विधानसभेच्या तोंडावर किमान निर्यात मूल्य काढलं आणि शुल्क 40 वरून 20 केलं. म्हणजे फटका जाणवला होता, एवढं मान्य. पण तो नाशिक-नगरच्या पट्ट्यापुरता. आख्ख्या राज्याचा निकाल कांद्याने लावला, हे नाही मानणार.

रांगडा निफाडकर
नका मानू. उरलेलं 20 टक्के 1 एप्रिल 2025 ला गेलं. लोकसभेला आम्ही गप्प बसलो असतो तर हे शुल्क आजही असतं. नोव्हेंबरचं म्हणाल, तर आमच्या घरातल्या बायकांनीही 1,500 कडे बघून मत दिलं. मला पटलं नाही, पण भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. ताईंच्या गावितांच्या मुद्द्यालाही उत्तर नाही.

सुरगाण्याची लेक
मतांचं कळलं. थांबलेल्या मजुरीचं अजून कोणी बोललेलं नाही.