टिनिटस: आठवडाभराच्या सखोल उपचारांचा गुण वर्षानुवर्षं टिकतो का?

बर्लिनकर
मला टिनिटस आहे, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात आवाज येत राहतो. अकरा वर्षं माझ्या डाव्या कानात कुकरची शिट्टी होण्याआधीची सुरसुर चालू आहे. इथे बर्लिनमध्ये सात दिवसांचा उपचार घेतला: रोज सकाळी समुपदेशन, मग स्नायू सैल सोडायचा सराव, फिजिओथेरपी आणि अनेक आवाजांतून हवा तो आवाज निवडून ऐकायचा सराव. याला चार वर्षं झाली. आवाज तेवढाच आहे, पण मी झोपतो. पूर्वी पंखा आणि रेडिओ दोन्ही लावूनही डोळा लागत नसे. इथल्या शारिटे रुग्णालयाने अशा रुग्णांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही त्रास कमीच राहिलेला दिसला. असे उपचार आपल्याकडेही सुरू व्हायला हवेत.

निशिगंध
तुम्हाला झोप लागते याचा खरंच आनंद आहे, पण मत पटलं नाही. तीन-चार वर्षांत कानातल्या आवाजाची सवय उपचारांशिवायही अनेकांना होते. मग श्रेय कोणाला द्यायचं? २०१९ मध्ये अमेरिकी लष्करी रुग्णालयांतल्या १५१ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाला पूर्ण टीआरटी (समुपदेशन आणि मंद आवाज देणारं ध्वनियंत्र यांतून कानातल्या आवाजाची सवय लावणारे उपचार), दुसऱ्याला तेच समुपदेशन पण नकली ध्वनियंत्र, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. १८ महिन्यांनी तिन्ही गट सुधारले, जवळपास सारखेच! वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात सीबीटीचे (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराचे) २८ अभ्यास होते. सीबीटी संपताना त्रास कमी झालेला दिसतो, पण सहा महिने, वर्षभरानंतरचा पुरावा तोकडा आहे. माझ्या आईला एका केंद्राने 'आवाज कायमचा जाईल' असं सांगून महागडं पॅकेज घ्यायला लावलं. आवाज गेला नाही. ती अजून म्हणते, 'माझंच काहीतरी चुकलं असेल.' याचा मला फार राग येतो.

पंचगंगाकाठ
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. आईंना जे सांगितलं ते चूकच होतं. आवाज घालवण्याची हमी कोणीच देऊ नये. पण निशिगंध, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तचा २०१२ चा अभ्यासही बघा. ४९२ रुग्ण, सीबीटीवर आधारलेले पायरीपायरीचे उपचार, आणि वर्षाअखेरीस नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट फरक. जास्त त्रास असलेल्यांनाच पुढची पायरी होती. सरसकट सगळ्यांना आठवडाभर कशाला बसवायचं? इचलकरंजीत मागावर तीस वर्षं काढलेले एक काका आले होते. ऑडिओग्राम (ऐकू किती येतं त्याचा आलेख) काढला, श्रवणयंत्र बसवलं. महिन्याने म्हणाले, "नातू काय म्हणतो ते कळतंय, मग भुणभुणीकडे लक्ष कोण देतंय!"

बर्लिनकर
काकांना तेवढं पुरलं, मला नाही पुरलं. श्रवणयंत्र लावूनही दोन वर्षं मी रात्री गॅलरीत बसून काढली आहेत. सवय आपोआप होते म्हणता, मग ती मला सात वर्षांत का नाही झाली?

निशिगंध
याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुमच्यासारख्यांना निवडून, उपचार आणि साधी देखरेख असे दोन गट करून पाच वर्षं मोजा. फरक दिसला तर आईला मी स्वतः घेऊन जाईन. तोवर कोणी पॅकेज विकू नये.