नवी मुलं ढोल-ताशाकडे कशामुळे येतात आणि सराव सुरू झाल्यावर का गळतात?

नदीपात्र_सराव (प्रश्न)

मंडळी, पथकातल्या नव्या वादकांच्या सरावाची जबाबदारी माझ्याकडे आहे. जूनमध्ये नोंदणीला झुंबड उडते आणि जुलै सरेपर्यंत त्यातले बरेच जण दिसेनासे होतात. 'पथकात का यायचंय?' या रकान्यात जवळजवळ सगळे 'वादनाची आवड' एवढंच लिहितात, त्यावरून काही कळत नाही.

जाणकारांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. ढोल किंवा ताशा हातात घ्यावासा वाटतो त्यामागे नेमकं काय असतं, आणि त्यावरून कोणाला कुठलं वाद्य द्यायचं हे ठरवता येतं का? दुसरं, पहिल्या काही आठवड्यांत कुठे बिघडतं? सराव रोज संध्याकाळी दोन तास. नवे १५ ते ४० वयाचे, निम्म्याच्या आसपास मुली. ढोल दोरीचे, प्लॅस्टिकच्या पानाचे (पान म्हणजे ज्यावर घाव पडतो तो ताणलेला पडदा). सरावाचा आराखडा मुळापासून बदलायचीही तयारी आहे.

टिपरू_आणि_थाप

बहुतेकांना ओढून आणतो तो ढोलाचा खर्ज. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना उंच इमारती, मधून पथक चाललंय, अशा वेळी कडेला उभ्या असलेल्या माणसाला एकत्र पडलेला ठोका बरगड्यांत जाणवतो. ते एकदा अनुभवलं की त्या रांगेत आपणही असावं असं वाटतं. ही मंडळी ढोलाची. त्यांना ताशा दिलात तर हात चांगला असूनही मन लागत नाही.

दुसरा गट वर्गात बाकावर, स्वयंपाकघरात डब्यावर बोटं चालवत बसणाऱ्यांचा. त्यांचं लक्ष ठोक्यापेक्षा दोन ठोक्यांमधल्या भरण्याकडे असतं. ही ताशाची माणसं. तिसरा गट मैत्रिणीबरोबर, भावाबरोबर आलेला. पांढरा कुर्ता, फेटा आणि सगळ्यांबरोबर असणं हे त्यांचं खरं कारण. या गटाला कमी लेखू नका. ध्वज, झांज, टोल (लय देणारी धातूची थाळी) यांपासून सुरुवात करून दिली की यांतलीच मुलं पुढे पथकाचा कणा होतात.

ओळखायचं कसं? फोनवर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारं ॲप) मिनिटाला ६० वर लावा. सगळ्यांना ठोक्याला एक टाळी द्यायला सांगा, मग ठोक्यात दोन, मग मांडीवर दोन्ही हातांनी आलटून पालटून चार. चार सम ठेवू शकतो आणि डावा हात मागे पडत नाही, त्याला ताशाकडे बसवून बघा. एकवर घट्ट टिकतो, दोनवर थोडा पळतो, तो ढोलाला उत्तम. एकवरच पुढे-मागे होतो त्याला दोन आठवडे झांज द्या. लय हातात बसते आणि त्या काळात कोणाचं बिनसतही नाही.

आणखी एक कारण फॉर्मवर कोणी लिहीत नाही, पण ते फार जोरकस आहे. आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा मुलगा किंवा मुलगी वाजवताना दिसणं. पुण्यातली पथकं रुजली ती शाळांमधून: ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे. वरच्या वर्गातला दादा किंवा ताई वाजवते आणि खालच्या वर्गाला वाटतं, पुढच्या वर्षी आपण. म्हणून नव्यांना शिकवायला सगळ्यात जुना वादक उभा करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वादक द्या, पाच-सहा नव्यांमागे एक. जुन्या माणसाचा हात बघून नवा दबून जातो. मागच्या वर्षी शिकलेल्याला मात्र आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं.

आता गळती. पहिलं कारण बोटं. ढोल एका बाजूला टिपरूने (काठीने) आणि दुसऱ्या बाजूला उघड्या हाताच्या थापेने वाजतो. थाप देणारा हात उत्साहात कड्यावर आपटतो, पेरांची कातडी फाटते, तिसऱ्या दिवशी मूठ मिटत नाही, चौथ्या दिवशी माणूस येत नाही. थाप द्यायची ती तळव्याचा गादीचा भाग कड्याजवळ ठेवून. बोटं जुळलेली, सपाट, कड्यापासून तीन-चार बोटं आत पडली पाहिजेत. आवाज कमी आला तरी चालेल, जोर दुसऱ्या आठवड्यात. अंगठ्या, कडी, घड्याळ आधीच काढून ठेवायचं. कापडी मेडिकल टेप तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या पेरांवर सराव सुरू व्हायच्या आधी लावा. फोड आल्यावर लावलेली टेप निघताना कातडी घेऊन निघते. फार आवळूही नका, टोक पांढरं पडलं तर टेप सोडून पुन्हा लावा. फोड आलाच तर फोडायचा नाही, त्या दिवशी फक्त टिपरू.

टिपरूची तक्रार वेगळी असते, मनगट आणि कोपराखालचा हात भरून येतो. कारण एकच, मूठ आवळलेली. अंगठा आणि तर्जनीत पकड, बाकीची बोटं नुसती टेकलेली, घाव मनगटातून, पानाच्या मध्याजवळ. आणि पानावरून टिपरू उसळलं की त्याला उसळू द्यायचं. दाबून धरलं की आवाज मेलेला येतो, त्यामुळे नवा आणखी जोर लावतो आणि हात आणखी दुखतो.

पाठदुखीचं मूळ बांधण्यात. ढोलाचा भार कमरेच्या हाडावर आला पाहिजे. कापड पोटावर वर सरकलं तर ढोल पुढे झुकतो, तोल राखायला माणूस मागे वाकतो आणि कंबर धरते. बांधून झाल्यावर दोन्ही हात सोडून पन्नास पावलं चालायला सांगा. ढोल खाली घसरला किंवा माणूस मागे कलला तर सोडून पुन्हा बांधा. उंचीने लहान असणाऱ्यांना लहान घेराचा ढोल द्यावा. कड मांडीवर आपटत असेल तर मुलगी काही बोलत नाही, निळे डाग घेऊन घरी जाते आणि घरचे तिचं पथकात येणं बंद करतात.

तर्री

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत. ताशाबद्दल थोडं.

ताशाची ओढ बहुतेकांना तर्रीमुळे (सलग भरभर पडणाऱ्या घावांमुळे) लागते आणि सुटतेही तर्रीमुळेच. पहिल्या दिवसापासून तर्री मारायला जातात, हात ताठ होतो, उजवीकडून चार आणि डावीकडून अडीच घाव पडतात. पहिले दोन आठवडे ताशा देऊच नका. जुना टायर, रबरी पॅड किंवा वर्तमानपत्रांचा जाड गठ्ठा घ्या. यावर काडी थोडी उसळते, मऊ उशीवर उसळत नाही आणि चुकीची सवय लागते. ६० च्या लयीत उजवा-डावा एकेक, मग ठोक्यात दोन, मग चार. प्रत्येक टप्पा सलग दोन मिनिटं न अडखळता झाला तरच लय ४ ने वाढवायची. दर दिवशी निम्मा वेळ डाव्या हाताने सुरुवात करायची. खांदे वर चढले की थांबा, तो हात थकल्याचा पहिला इशारा. ठोक्यात चार घाव १२० च्या लयीत सम पडायला लागले की तर्री त्यातूनच उमलते.

नव्यांना फार छळणारी गोष्ट म्हणजे 'मी बरोबर वाजवतोय तरी ओरडा खातो'. यामागे साधं गणित आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ढोलांच्या रांगा ३५ मीटर पसरल्या असतील तर पुढच्या ताशाचा घाव शेवटच्या वादकाला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. १२० च्या लयीत दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. म्हणजे कानावर विसंबून वाजवणारा शेवटचा माणूस एक पंचमांश ठोका मागे. त्याचा काही दोष नाही. नव्यांना मधल्या रांगांत, ताशापासून दहा मीटरच्या आत उभं करा आणि समोरच्याचं टिपरू डोळ्यांनी पकडायला शिकवा. हात (वाजवण्याचा ठेका) बदलायचा इशाराही डोळ्यांनीच घ्यायचा. टोलवाला सगळ्यांना दिसेल असा हवा.

कर्णिका

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून लिहितेय. गळतीचं एक कारण अजून कोणी मांडलेलं नाही: सरावानंतर कानात येणारी शिट्टी. मुलं घाबरतात, कोणाला सांगत नाहीत, येणं बंद करतात.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही सुरक्षित मानलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. पथकाच्या मध्यभागी १०० सहज ओलांडलं जातं, आणि ताशाजवळ उभा असलेला सगळ्यात जास्त धोक्यात, कारण तिखट, उंच स्वराचा आवाज कानाला जास्त इजा करतो.

कापसाच्या बोळ्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. फोमचे इअरप्लग औषधांच्या दुकानात मिळतात. बसवताना फोम बोटांत लाटून बारीक करा, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, फोम आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोट ठेवा. बाहेर अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर बसलेला नाही. पाकिटावर लिहिलेल्या डेसिबलच्या आकड्याच्या निम्मंच संरक्षण मिळतं असं धरून चाला. १५ डेसिबल जरी कमी झाले तरी १०५ चे ९० होतात आणि मिनिटांचे तास मिळतात. ढोलाचा खर्ज शरीरातूनही पोचतो, त्यामुळे 'मजाच येत नाही' ही तक्रार दोन दिवसांत जाते. लय चुकण्याचीही भीती नको, उलट ताशाचे घाव जास्त सुटे ऐकू येतात.

शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर त्या मुलाला सराव बंद आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. इथे 'सवय होईल' असं कृपया कोणी म्हणू नये. मेलेल्या श्रवणपेशी परत येत नाहीत.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे मूल वाद्याकडे वळतं ते चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरतीत. घरात, शेजारी, वाड्यावर आरत्या चालू असतात आणि लहान मुलाला आधी कांसाळे (झांजेसारखे वाद्य) हातात मिळते. दोन-तीन चवथी कांसाळ्यावर ताल धरला की मग घुमट. कोणी शिकवणी लावत नाही, पण क्रम पक्का असतो. तुमच्या झांजेच्या सल्ल्याला म्हणूनच माझा पाठिंबा.

घुमट मातीचे, मोठे तोंड चामड्याने मढवलेले, मागचे लहान तोंड उघडे. एका हाताची बोटे चामड्यावर चालतात, दुसऱ्या हाताचा तळवा उघडे तोंड झाकतो-सोडतो, त्याने घुमारा बदलतो. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे लावतात. बसून वाजवायचे, हलके वाद्य. दम किंवा पाठ यांमुळे ढोल जमत नाही अशांना हे जरूर दाखवा.

पाऊणमात्रा

काही मुलं मुळात ड्रमसेटसाठी आसुसलेली असतात आणि जवळ पथक आहे म्हणून तिथे जातात. ओळखायची खूण पाय. गाणं लागलं की ज्याचा उजवा पाय आपोआप ठोका धरतो आणि हात वेगळं काही करतात, त्याला चार अवयवांचं कोडं हवं असतं. त्याला हे सांगून टाका: ७० च्या लयीत चार मात्रांत हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) आठ घाव, पहिल्या-तिसऱ्या मात्रेला पायाने बेस (मोठा ड्रम), दुसऱ्या-चौथ्याला स्नेअर (तिखट आवाजाचा छोटा ड्रम). आठवडाभरात जमलं तर त्याला सेटच्या शिक्षकाकडे पाठवा. सुरुवातीला ५ए मापाच्या काड्यांची जोडी आणि पॅड पुरतं. इलेक्ट्रॉनिक सेट फ्लॅटमध्ये बिनआवाजी असतो हा गैरसमज. पेडलचा धक्का फरशीतून खालच्या घरात जातोच.

पण दोन्ही वाटा एकमेकींना मारक नाहीत. त्रिलोक गुर्टू मुंबईचे, मूळ तालीम तबल्याची, आणि जमिनीलगत गुडघ्यावर बसून वाजवायचा त्यांचा ड्रमसेट जगभर ओळखला जातो.

नदीपात्र_सराव

सगळ्यांचे मनापासून आभार. झांज आणि मेट्रोनोमची चाचणी या रविवारपासूनच घेतो, आणि इअरप्लग नोंदणीच्या सामानातच देणार. टिपरू_आणि_थाप, एक राहिलं. नव्यांना जे ढोल देतो ते 'दगडासारखे लागतात' अशी तक्रार आहे. दोरी कमी ओढली तर आवाज फाटतो. नेमकं किती ओढायचं?

टिपरू_आणि_थाप

प्लॅस्टिकचं पान पावसात चामड्यासारखं सैल पडत नाही, शेकावं लागत नाही, म्हणून ते आलं. पण त्यात चामड्याचा लवचीकपणा नाही. गरजेपेक्षा जरा जास्त ताणलं की खर्ज जातो आणि हाताला झटका बसतो. आवाज फाटतोय याचा अर्थ बहुतेक वेळा ताण कमी असा नसतो, ताण असमान असतो. एकाच जागी दोरी जोरात ओढून बाकीकडे सैल राहिली की पान एका बाजूला भरभरतं, आणि पुढे तिथेच कड्याशी चिरतं.

दोरी पूर्ण सैल करा, पान कड्यात मध्यावर बसवा. पहिली फेरी नुसती ढिलाई काढण्यापुरती, हाताने. दुसऱ्या फेरीत समोरासमोरच्या पदरांच्या जोड्या घेत थोडं थोडं ओढा. मग कड्यापासून दोन बोटं आत, चार दिशांना टिपरूच्या टोकाने हलकं वाजवून बघा. चारही जागी सूर सारखा येईपर्यंत तिसरी फेरी, जिथे सूर खाली तिथेच. लक्षात घ्या, दोरीच्या ढोलात एकच दोरी दोन्ही पानं ताणते, त्यामुळे एकाच बाजूचा सूर चढवता येत नाही. टिपरूकडे जाड आणि थापेकडे पातळ पान लावून तो फरक आणावा लागतो. तुमच्या 'दगड' ढोलांत थापेच्या बाजूलाही जाडच पान आहे का, ते आधी उलटून बघा. असेल तर नव्यांच्या ढोलांची तेवढी पानं बदला आणि सराव संपल्यावर रोज दोरी थोडी सैल करून ठेवा.