मदत हवी आहे : परदेशातून येणाऱ्या घोड्यांना वेगळं ठेवताना

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या तबेल्यात विमानाने तीन घोडे येणार आहेत. सरकारी क्वारंटाइन संपलं तरी आणखी १४ दिवस त्यांना वेगळं ठेवायचं ठरवलंय. कागदपत्रं, रक्ततपासण्या व्यवस्थित आहेत, पण मन स्वस्थ बसत नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांचा इन्फ्लुएंझा पसरला तो आयात घोड्यांच्या क्वारंटाइनमधूनच. माणसांच्या कपड्यांवरून किंवा सामानावरून विषाणू बाहेर आला असावा, असं चौकशीत निघालं. लस टोचलेला, धडधाकट दिसणारा घोडाही विषाणू पसरवू शकतो, याचीच मला जास्त भीती वाटते.

घोड्यांना होणाऱ्या हर्पिस या विषाणूचं तर आणखी अवघड. तो अंगात दडून राहतो आणि प्रवासाच्या ताणाने डोकं वर काढतो. म्हणून दिवसातून दोनदा ताप बघणार, ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला की डॉक्टरांना बोलावून नाकाचा स्वॅब.

खरी अडचण माणसांची आहे. मोतद्दार दोनच. परवा पाहिलं, एका बादलीत नळीचं तोंड बुडवून पाणी भरलं आणि तीच नळी तशीच पुढच्या बादलीत. घोडा बाहीवर फुरफुरला, तर तोच सदरा घालून शेजारच्या घोड्याला खरारा! दोघंही मनापासून काम करतात, पण सवय जात नाही.

दोनच माणसं असताना तुम्ही काम कसं वाटता? आधी जुने घोडे, मग नवे, एवढा क्रम पाळून भागतं का, की नव्यांसाठी वेगळा माणूस हवाच? आणि लाकडी दारं, चामड्याचे लगाम नीट निर्जंतुक कसे करता? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.