मदत हवी आहे : टाकी पायांवर की पंखांत?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये दोन आसनी, खाली पंख असलेलं विमान बांधतोय. आराखड्यात सोनेक्स या घरी बांधायच्या छोट्या विमानासारखी मांडणी आहे: पेट्रोलची सुमारे 60 लिटरची प्लास्टिकची टाकी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधली आगरोधक भिंत) लगेच मागे, थेट पायलटच्या मांड्यांच्या वर. फायदा मोठा आहे. पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे जातं, पंप लागत नाही. पण आपटून उतरावं लागलं आणि टाकी फुटली, तर सगळं पेट्रोल अंगावर! शेजारच्या आसनावर बायको बसणार आहे, त्यामुळे हा विचार डोक्यातून जातच नाही.

व्हॅन्स कंपनीच्या बहुतेक आरव्ही विमानांत टाक्या पंखांच्या पुढच्या कडेत असतात, म्हणजे पेट्रोल माणसांपासून लांब. मात्र तिथे पंप आले, डावी-उजवी टाकी बदलायचा व्हॉल्व्ह आला. तो व्हॉल्व्ह हाताशी नसेल तर काय होतं, हे 1997 मध्ये गायक जॉन डेन्व्हर यांच्या लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानाच्या अपघातात दिसलं. त्यात व्हॉल्व्ह पायलटच्या डाव्या खांद्यामागे होता.

कोणी पुढची टाकी ठेवूनच धोका कमी केलाय का? टाकीचे पट्टे आणि खालचा आधार कसा केलात? टाकी सरकली तर नळी तुटू नये म्हणून तिथे लवचीक होज किती सैल ठेवायचा? फायरवॉलला 0.015 इंची स्टेनलेस पत्रा लावतोय, पण केबलच्या भोकांना नुसतं सीलंट पुरेल असं मला वाटत नाही. तिथे काय वापरलंत? जमलं तर फोटोही टाका.