मदत हवी आहे: लॉनला खत टाकायला ड्रॉप स्प्रेडर घ्यावा की ब्रॉडकास्ट?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरामागे साधारण 4000 चौरस फुटांचं लॉन आहे, फेस्क्यू गवताचं. गेल्या सप्टेंबरात शेजाऱ्यांचा ढकलत चालवायचा, तळाच्या भोकांतून दाणे सरळ खाली पाडणारा ड्रॉप स्प्रेडर आणून खत टाकलं. थोड्याच दिवसांत लॉनवर लुगड्याच्या काठासारखे पट्टे उठले, एक हिरवागार, एक पिवळट. वळताना दांड्यावरचा खटका बंद करायचा राहिला, त्या कोपऱ्यात वीतभर गवत जळून गेलं. फार वाईट वाटलं. ते गवत आई इथे आली होती तेव्हा तिने स्वतःच्या हाताने पेरलं होतं.

आता स्वतःचा स्प्रेडर घ्यायचाय. चकती फिरून दाणे उडवणारा ब्रॉडकास्ट घेतला तर पट्टे टळतील, पण एका कडेला मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि पुढे फुटपाथ. तिकडे दाणे जायला नकोत. त्यात 15 नोव्हेंबरपासून इथे घरच्या लॉनला खत टाकायला बंदी, म्हणजे ऑक्टोबरातच उरकायला हवं.

अर्धं खत उभं नि अर्धं आडवं टाकायचं, हे पटलंय. पण पिशवीवर आपल्या मशीनचा आकडाच दिलेला नसेल तर भोकं किती उघडायची? कोणी खत वजन करून, ठरावीक जागेवर टाकून पाहिलंय का? कसं केलंत, सविस्तर सांगाल का?