मदत हवी आहे: मरणानंतर काय, हे विज्ञानाच्या वाटेने विचारणारा सिनेमा सुचवा (अंबाजोगाईत दाखवायचाय)

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईत आम्ही काही जण वाचनालयाच्या सभागृहात सिनेमे दाखवतो आणि नंतर बसून बोलतो. यंदा पितृपक्षाच्या सुमारास विज्ञानकथा आणि परलोक या विषयावरचा एक सिनेमा ठेवायचा आहे. भुताखेताचा नको. यंत्र, प्रयोगशाळा किंवा अंतराळ असावं आणि प्रश्न मात्र जिवाचा असावा. प्रेक्षक कसा, तेही सांगते. पुढच्या रांगांत माळकरी आजी-आजोबा, मधे शिक्षक, मागे मेडिकल कॉलेजची पोरं-पोरी. शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी या गावात आहे. जीव आणि ब्रह्म यांवर इथं कुणालाही बोलतं करावं लागत नाही.

मी काय काय पाहिलंय ते लिहिते, म्हणजे पुन्हा तेच सुचवायला नको. (गोष्टी फुटणार आहेत, सांभाळून वाचा.)

‘फ्लॅटलायनर्स’ (१९९०) मध्ये मेडिकलचे विद्यार्थी एकमेकांचं हृदय थांबवतात आणि परत चालू करतात. मागच्या रांगांना आवडेल. पण परतताना ती पोरं आपले जुने अपराधच सोबत आणतात आणि परलोक बाजूलाच राहतो.

‘ब्रेनस्टॉर्म’ (१९८३) माझा फार लाडका. माणसाला जे जे जाणवतं ते टेपवर उतरवून दुसऱ्याला अनुभवायला देणारं यंत्र त्यात आहे. ते बनवणाऱ्या बाईंना प्रयोगशाळेत एकट्या असताना हृदयविकाराचा झटका येतो. त्या तशा अवस्थेत यंत्र डोक्यावर चढवतात आणि स्वतःचं मरण नोंदवून ठेवतात. शास्त्रज्ञाची यापेक्षा खरी निष्ठा मी पडद्यावर पाहिलेली नाही. पुढे सहकारी ती टेप लावतो तर त्याच्याही छातीत कळ येते, म्हणून शरीराकडे जाणाऱ्या जोडण्या आधी तोडाव्या लागतात. एवढं चोख रचलेलं असताना शेवटी जे ‘दिसतं’ ते मला फार सोपं वाटलं.

‘आय ओरिजिन्स’ (२०१४) मध्ये बुबुळाच्या नक्षीवरून पुनर्जन्माचा माग काढत एक जीवशास्त्रज्ञ दिल्लीला येतो. मेलेल्या बाईसारखीच नक्षी असलेल्या मुलीला तो चित्रं दाखवून तपासतो, पण निकाल ठोकताळ्याच्या पलीकडे जात नाही. मग लिफ्टसमोर ती मुलगी घाबरून त्याला बिलगते, कारण ती बाई लिफ्टमध्येच गेली होती. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला पुनर्जन्म हाच धक्का असेल. आमच्या आजी म्हणतील, त्यात काय नवल! त्यांना हलवेल ती लिफ्ट.

खरी अडचण ‘द डिस्कव्हरी’ (२०१७) पाहिल्यावर आली. परलोक आहे हे एक शास्त्रज्ञ सिद्ध करतो आणि जगभर लोक आपणहून जीव देऊ लागतात. कल्पना जबरदस्त आहे. पण हा बीड जिल्हा आहे. सभागृहात अशी माणसं असतील ज्यांच्या घरचा कर्ता शेतकरी असाच गेला. त्यांच्यासमोर, पितरांच्या पंधरवड्यात, ‘पलीकडे जागा आहे’ असं सांगणारा सिनेमा मी लावणार नाही. प्रश्न मोठा ठेवायचा, पण मरण सोपं किंवा मोहक करायचं नाही, एवढी एकच अट आहे माझी. असा सिनेमा कोणता? आणि मराठी उपशीर्षकांचं काय करावं?

प्रतिसाद, नांदेडहून

ताई, ‘कार्गो’ बघा. आरती कडव यांचा आहे, हिंदीत, म्हणजे उपशीर्षकांची कटकटच नाही. पुष्पक नावाचं अंतराळयान, त्यात प्रहस्त नावाचा राक्षस नोकरी करतो. मेलेली माणसं यानात येतात, यंत्र त्यांच्या जखमा भरतं, आठवणी पुसल्या जातात आणि पुढच्या जन्माला रवानगी होते. माळकरी मंडळींना सगळी नावं ओळखीची लागतील. मला त्यातलं ते आठवणी पुसण्याचं काम लई टोचलं. चर्चा तिथूनच सुरू करा.

एक मात्र ध्यानात ठेवा, ओटीटीचं घरगुती खातं सभागृहातल्या खेळाला चालत नाही. हक्क कुणाकडे आहेत ते शोधून आधी लेखी परवानगी घ्या.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

‘सोलारिस’ (१९७२) कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. तारकोव्हस्कीचा तो सिनेमा थोर आहे, पण नायकाची जी बायको अंतराळस्थानकात परत येते, तिने आपणहून जीव दिलेला असतो. तुमच्या अटीत तो बसत नाही. शिवाय पावणेतीन तास बसायची तयारी लागते.

तुम्हाला हवा आहे तो जपानी दिग्दर्शक कोरे-एडा यांचा ‘आफ्टर लाइफ’ (१९९८), असं मला मनापासून वाटतं. काटेकोर विज्ञानकथा म्हणता येणार नाही. यंत्र म्हणाल तर फक्त कॅमेरा. जुन्या शाळेसारख्या इमारतीत सोमवारी नवे मृत येतात. प्रत्येकाने आयुष्यातली एकच आठवण निवडायची, तिथले कर्मचारी तिचं चित्रीकरण करतात आणि तेवढीच घेऊन माणूस पुढे जातो. एका आजोबांना आठवण निवडताच येत नाही, तर त्यांच्यापुढे वर्षाला एक अशा आयुष्यभराच्या कॅसेट ठेवतात. दिग्दर्शकाने तयारीत शेकडो सामान्य माणसांना हाच प्रश्न विचारला होता, त्यांतली काही सिनेमात आहेत. मरण कसं आलं हे कुणाचंच रंगवलेलं नाही, पलीकडची जागाही हेवा वाटावा अशी नाही. सारा भर जगून झालेल्यावर. तुमच्या सभागृहाला हेच झेपेल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. सर, तुमचं पटलं. ‘आफ्टर लाइफ’ नक्की करते आणि ‘कार्गो’ पुढच्या खेळाला ठेवते. हक्कांसाठी पत्र लिहायला घेतलंय. उपशीर्षकं इंग्रजीवरून मराठीत आम्हीच करू, पण कर्मचारी आणि मृत यांच्यातलं आदरार्थी बोलणं इंग्रजीत नीट कळत नाही. जपानी जाणणारं कुणी तपासून देईल का? मुलाखतींचे प्रसंग तेवढे पाहिले तरी पुरे. व्यनि (खासगी निरोप) करा, कच्ची फाइल पाठवते.