पावसाचं गणित माणसानंच बिघडवलंय, तुमचं मत काय?

मांजराकाठ
सप्टेंबर २०२५ ला धाराशिव, बीड, लातूर, नांदेडात जे पाणी आलं त्याच्यावर एसटीत, कट्ट्यावर, सोयऱ्याधायऱ्यात एकच ऐकायलोय, निसर्गापुढं कुणाचं चालतं का. मला हे पटत नाही म्हणून धागा काढलाय. हे माणसानं केलंय, मोजून दाखवता येतंय, आणि निसर्गावर ढकललं की ज्यांनी केलं ते मोकळे सुटतात, एवढंच माझं म्हणणं.

कारखाने-इंजिनं यायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० भाग होता. १९५८ ला हवाई बेटांवरच्या मौना लोआला मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. कोळसा, डिझेल, गॅस जाळून, सिमेंट भाजून, जंगलं तोडून एवढा झाला. हा वायू ऊन आत येऊ देतो आणि जमिनीतून परत जाणारी धग अडवून धरतो, अंगावर गोधडीवर गोधडी टाकत गेल्यासारखं. २०२४ हे आजवरच्या नोंदीतलं सगळ्यात तापलेलं वर्ष, जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबानं जुन्या काळापेक्षा १.५५ अंश जास्त.

दीड अंशानं काय फरक पडतो म्हणणारे येतीलच. हवा एक अंश तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, मग पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो आणि पडला की महिन्याचा दोन रात्रीत पडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०१७ ला १९५० ते २०१५ च्या नोंदी काढून दाखवलं की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणारा पाऊस तिपटीनं वाढलाय, आणि त्याला वाफ पुरवायलाय तो तापलेला अरबी समुद्र.

आमच्या शिवारात काय झालं ते सांगतो. नदीकाठची रानं खरडून गेली, हातभर काळी माती गेली आन् खाली मुरूम उघडा पडला, पाण्याच्या मोटारी-पाईप कुठं गेले पत्ता नाही. वरच्या अंगाला जे सोयाबीन उभं राहिलं त्याच्या शेंगेतच दाण्याला कोंब फुटले, शेंग दाबली की काळपट चिकट पाणी बोटाला लागायचं. पंचनाम्यात पीक लिहिलं. गेलेली माती कुणी कशी भरून देणार?

बहात्तरचा साक्षीदार
मुला तुझा अभ्यास चांगलाय पण तू बहात्तर बघितलेलं नाहीस. मी शाळेत होतो, घरची सगळी माणसं खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर जायची, मुलांना सुकडी मिळायची, मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. तेव्हा गावात एक मोटारसायकल नव्हती, एसी नव्हता, मग तो दुष्काळ कुणाच्या धुरानं पडला? त्याच्याही आधी १३९६ पासून बारा वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ इतिहासात लिहून ठेवलाय, गावंच्या गावं ओस पडली होती. १८७६-७८ चा घ्या. हे चक्र आहे, येतं आणि जातं, हिमयुगं आली-गेली तेव्हा कुणाचा कारखाना होता. सूर्य आहे, ज्वालामुखी आहेत. माणसानं स्वतःला एवढं मोठं समजू नये असं मला मनापासून वाटतं.

मांजराकाठ
काका, बहात्तरबद्दल तुमच्यापुढं बोलायची माझी पात्रता नाही, पण तुम्ही सूर्य आणि ज्वालामुखीचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. सूर्याचं तेज १९७८ पासून उपग्रहावरून मोजतायत, ते वाढत नाहीये, पृथ्वी मात्र तापायलीय. सूर्यामुळं तापत असतं तर स्थितांबर, म्हणजे हवेचा वरचा थरही तापला असता, प्रत्यक्षात खालचा थर तापायलाय आणि वरचा थंड व्हायलाय, म्हणजे उष्णता खालीच अडकायलीय. ज्वालामुखी सगळे मिळून वर्षाला एक अब्ज टनाच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडतात, माणूस नुसतं इंधन जाळून ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतो.

आणि हा वायू कुठून आला याचा शिक्का त्याच्यावरच असतो. कोळसा-तेल कोट्यवधी वर्षं गाडलेलं, त्यातला कार्बन-१४, म्हणजे काळानुसार आपोआप झिजत जाणारा कार्बनचा प्रकार, कधीच संपलेला. हवेतला कार्बन-१४ तसाच पातळ होत गेलेला झाडाच्या खोडातल्या वर्तुळांत सापडतो. हिमयुगं आली-गेली ती पृथ्वीच्या कक्षेच्या हेलकाव्यानं, हजारो वर्षांत. इथं दीडशे वर्षांत झालंय.

बालाघाटची लेक
मी मूळ पोस्टच्या विरोधात लिहितेय पण काकांच्या बाजूनं नाही. कार्बनचं सगळं खरं असेल, नव्हे आहेच, पण मराठवाड्यात बसून मौना लोआचे आकडे सांगितले की इथला पुढारी, इथला कारखानदार सगळ्यात खूश होतो, कारण मग दोष अमेरिकेचा आणि आभाळाचा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, जलदूत नाव दिलं, पेपरात फोटो आले. त्याच हंगामात त्याच भागात उसाचं गाळप झालं होतं हे कुणी बोलत नाही. राज्यात उसाखाली लागवडीतली जेमतेम चार टक्के जमीन आणि सिंचनाचं दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी त्याला, हे आकडे सरकारी कागदांतूनच वर्षानुवर्षं फिरतायत. राज्याच्या पाणी-सिंचनाचा अभ्यास केलेल्या १९९९ च्या चितळे आयोगानंसुद्धा तुटीच्या खोऱ्यात उसाला आवर घाला असं सांगून ठेवलंय. कुणी ऐकलं?

आता पुराचं बोला. ओढा होता तिथं आता रान आहे, कुणी बुजवून बांध घातला, कुणी त्याच्यावर प्लॉट पाडले. नदीतली वाळू उपसली, काठ ढासळले. वाळू हवामान बदलानं नाही गेली, ट्रॅक्टर-हायवानं गेली, रात्री दोन वाजता गेली आणि सगळ्या गावाला माहिती आहे कुणाच्या. बोअर ८०० फुटांवर कुणी नेले? आपणच. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, ते काय कार्बननं जळालं? मला एवढंच म्हणायचंय की मोठं कारण सांगून जवळचं झाकू नका.

माझी आई कोयत्यावर गेलेली बाई आहे. पीक हातचं गेलं की बीडचा माणूस मुकादमाची उचल घेतो आणि उसाच्या फडात जातो, म्हणजे दुष्काळाचा मारा बसलेलाच जाऊन दुष्काळ वाढवणाऱ्या पिकाला राबतो. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फडात प्यायचं पाणी पुरत नाही, बाया पाणीच कमी पितात कारण आडोसा नसतो, मग लघवीचे आजार, गर्भाशयाची ऑपरेशनं. हे दुष्परिणाम कुठल्या आकड्यात धरणार?

परळीचा फिटर
ताईंचं बरोबर हाय पण ऊस लावणाऱ्याला दुसरं पीक तरी भाव देतंय का ते बी सांगा. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकायलोत.

कोळशाबद्दल मी बोलतो. मी औष्णिक केंद्रात कंत्राटी कामाला होतो. परळीचं केंद्र फेब्रुवारी २०१३ ला बंद पडलं ते कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून, आन् घरं बसली आमची. राख आम्ही खाल्ली, अंगणात वाळत घातलेल्या धुण्यावर, पोरांच्या छातीत, आन् लाईट मिळाली पार राज्याला. आता म्हणायलेत कोळसा वाईट. भारतात माणशी वर्षाला दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत माणशी चौदाच्या आसपास. आजपर्यंत जगात जेवढा सोडला त्यातला चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. मग परळीच्या फिटरनं कामून भोगायचं? आधी त्यांनी बंद करावं, मग आम्हाला सांगावं. तोपर्यंत हे सगळं श्रीमंत देशांचं राजकारण आहे असंच मी म्हणणार.

मांजराकाठ
फिटरदादा, तुम्ही दिलेले आकडे माझ्याच बाजूचे आहेत. अमेरिका-युरोपचा वाटा मोठा आहे असं म्हणायचं तर आधी माणसाच्या धुरानं हे झालंय हे मान्य करावं लागतं, नाहीतर वसुली कुणाकडून करणार? २०२२ ला इजिप्तच्या हवामान परिषदेत हवामान बदलानं झालेल्या नुकसानीसाठी जागतिक निधी काढायचं ठरलं तेसुद्धा हे धरूनच. आणि परळी पाण्यावाचून बंद पडली हे तर सगळ्यात मोठं उदाहरण आहे, कोळशाच्या भरवशावर बसलो तर पाऊस हुकला की वीजही हुकते. कंत्राटी माणसाला दुसरं काम दिल्याशिवाय केंद्र बंद करू नये, ह्यात मी तुमच्यासोबत आहे.

ताई, जवळचं कारण झाकायचं नाही, पण तुम्ही दोन्हीला एकमेकांसमोर उभं करायलात ते मला मान्य नाही. ओढा बुजवल्यानं पाणी घरात शिरलं, बरोबर. पण ओढ्याला न पेलणारं एवढं पाणी एका रात्रीत पडायलाच का लागलं? उद्या सगळे ओढे मोकळे केले तरी ऑगस्ट २०२३ सारखा कोरडा महिना आला तर? १९०१ पासूनच्या नोंदीत देशाचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो.

बालाघाटची लेक
२०२३ ला एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापलेलं, तो काही आपण आणलेला नाही.

मांजराकाठ
एल निनो पूर्वीपासून येतो, खरंय. पण आता तो आधीच तापलेल्या समुद्रावर, तापलेल्या जमिनीवर येतो. तेवढाच पाऊस कमी पडला तरी ओल लवकर उडते, तळ्यातलं पाणी लवकर आटतं. उन्हाळ्यात जायकवाडीतून नुसतं बाष्पीभवनानं किती पाणी जातं ते पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा.

जिरायती परभणी
एवढं वाचलं आन् डोकं गरगरायलंय. मला पाच एकर जिरायत, माझं कुणीच लिहीना म्हणून लिहायलोय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं हरभरा-गहू झोपला, २०२२ ला लातूर-बीडकडच्या माझ्या पाव्हण्याच्या सोयाबीनवर शंखी गोगलगाय आली, रात्री बॅटरी घेऊन टोपल्यानं गोळा केल्या, दोनदा पेरलं तरी रोपटं ठेवलं नाही, २०२३ ला सोयाबीन पिवळं पडलं, मोझॅक म्हणाले, २०२५ ला पाणीच पाणी. हे सगळं माझ्याच काळात एवढं दाटीनं कामून आलं ह्याचं उत्तर काकांच्या चक्रात मला सापडत नाही. मृगावर पेरायची आता भीती वाटायलीय, पेरलं तर पाऊस गायब, थांबलं तर हंगाम जातो, दुबार पेरणीचं बियाणं कुठल्या पैशातून आणायचं.

पण मांजराकाठ भाऊ, तुमचंबी एक पटत नाही. कृषीच्या मीटिंगात सायेब येऊन सांगायले की युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतं, ते कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट तापवतं, जनावरं मिथेन सोडतात, पाचट जाळू नका. ऐकून घेतलं मी. पाचट नाही जाळणार, युरिया कमी करीन. पण मग पीकविमा? २०२५ ला एक रुपयातला विमा गेला, त्याच्याबरोबर स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे सगळे ट्रिगर, म्हणजे भरपाई मिळायची कारणं, काढून टाकले, राहिला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे काही रानांत पीक कापून उतारा मोजायचा. ज्या वर्षी आभाळ फाटलं त्याच वर्षी! हवामान बदललंय हे सरकार भाषणात मानतं आन् विम्याच्या कागदात मानत नाही. माझं भांडण इथं हाय.

एक उपयोगाचं सांगतो, परभणी विद्यापीठवाले बीबीएफवर पेरा म्हणतात, रुंद वरंबा आन् दोन्ही बाजूला सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून निघून जातो, ताण पडला तर सरीत मुरलेली ओल कामी येते. माझ्या रानात पिकाच्या ओळीत पाणी थांबलं नाही, शेजाऱ्याचं पिवळं पडलं.

बहात्तरचा साक्षीदार
जिरायती, तुझं दुःख मी समजतो, पण दाटीनं आलं म्हणून माणसानंच केलं हे सिद्ध होत नाही. आमच्या वेळी नोंद ठेवायलाच कुणी नव्हतं, कीड यायची, लोक उपाशी मरायचे, पेपरात येत नव्हतं. आज मोबाईलवर सगळं दिसतं म्हणून जास्त वाटतं. आणि हे शास्त्र कालचं आहे, उद्या दुसरं सांगतील.

मांजराकाठ
कालचं नाही काका. स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८९६ ला हाताने गणित मांडून सांगितलं होतं की हवेत हा वायू वाढला की पृथ्वी तापेल. आणि पावसाची नोंद मोबाईलवरची नाही, हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची आहे, इंग्रजांच्या काळापासून. आपल्या विभागाची पावसाळ्याची सरासरी ६७९ मिलिमीटरच्या आसपास धरतात, तीसुद्धा अशाच जुन्या नोंदींवरून निघते. सरासरी गाठली म्हणजे साल चांगलं हे आता राहिलं नाही, किती दिवसांत पडला ते बघावं लागतं.

गावात ग्रामसभा आहे. मी ठरावाचा कच्चा मसुदा केलाय, शिवारातल्या सगळ्या ओढ्यांची जुन्या नकाशावरून मोजणी करून अतिक्रमण काढावं, आणि विम्यात अतिवृष्टी आणि पावसाच्या खंडाचे ट्रिगर परत आणावेत म्हणून सरकारला कळवावं. तुम्ही सगळे आपापल्या गावात मांडाल का?

परळीचा फिटर
राखेचं बी घाला त्यात. आन् सौर पंप मंजूर झालेत ते कधी बसणार हे बी घाला, पैसे भरून बसलेत लोक.

बहात्तरचा साक्षीदार
ओढ्याच्या मोजणीला माझी सही आहे, ते काम बहात्तरपासून राहिलंय. माणसाच्या धुराचं कारण लिहिणार असशील तर त्यापुरतं माझं नाव गाळ.

बालाघाटची लेक
तुमच्या मसुद्यात ऊस कुठंय? ठिबकशिवाय नवीन ऊस नाही आणि ५०० फुटांच्या खाली नवीन बोअर नाही, हे लिहा. कार्बनवर भाषण करायला गावात सगळे तयार होतील, ह्या दोन ओळींवर ग्रामसभेत आवाज चढतील, त्यासाठीच लिहा. त्या ओळी असतील तर मी आईलाही घेऊन येते आणि आमच्या वस्तीच्या बायाही येतील. नसतील तर माझी सही धरू नका.